फेरीबोट, रूळ आणि थांब्याचा हक्क

तेरेखोल हे पेडणे तालुक्यातले, म्हणजे गोव्यातले गाव. पण पेडण्याहून रस्त्याने तिथे जायचे झाले तर महाराष्ट्रात शिरावे लागते. तेरेखोल नदीच्या दक्षिण काठावर केरी आणि उत्तर काठावर तेरेखोलचा किल्ला व त्याला लागून असलेली वस्ती. एका बाजूला समुद्र, एका बाजूला नदी आणि उरलेल्या बाजूंना सिंधुदुर्ग जिल्हा. किरणपाणीचा पूल ओलांडून आरोंद्याला जायचे, तिथून शिरोडा, मग रेडी आणि शेवटी पुन्हा गोवा. नदीतून मात्र केरीच्या धक्क्यावरून फेरीबोटीने काही मिनिटांत पलीकडे पोचता येते. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखालील सत्याग्रह्यांनी पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या याच किल्ल्यावर तिरंगा फडकवला. किल्ला नदीच्या उत्तरेला, भारताच्या भूमीला लागून असल्यामुळे त्यांना तिथे पायी पोचता आले. जो भूगोल सत्याग्रह्यांच्या उपयोगी पडला, तोच आज तेरेखोलकराला आपल्याच तालुक्याच्या कचेरीपासून दूर ठेवतो. गोवा सरकार आणि हे गाव यांना सरळ जोडणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे सरकारी फेरीबोट.

दुसरे उदाहरण याच्या उलटे आहे. कोकण रेल्वेचे रूळ थिवी सोडल्यावर डिचोली तालुक्यातल्या मये परिसरातून मांडवीच्या खोऱ्यात उतरतात, दिवाडी बेट ओलांडतात आणि पलीकडे करमळी गाठतात. दिवसरात्र गाड्या जातात. पण डिचोली तालुक्यात प्रवाशांसाठी स्थानक नाही आणि दिवाडीवरही नाही. दिवाडीचा माणूस आजही रायबंदर, जुने गोवे किंवा नार्वे यांपैकी एका धक्क्यावर जाणाऱ्या फेरीबोटीची वाट पाहतो आणि मुंबई-मंगळूर मार्गाची गाडी त्याच्या गावाच्या अंगावरून निघून जाते. एका गावाला नदीने वेगळे केले आणि नदीनेच जोडले. दुसऱ्या गावाला रूळ मिळाले, गाडी मिळाली नाही. या दोन उदाहरणांवरून या लेखाचे म्हणणे मांडता येते. ग्रामीण भागाची वाहतूक किती सुधारली याचा हिशेब आपण पुलांची लांबी, रस्त्यांची रुंदी आणि गाड्यांचा वेग यांत करतो. तो हिशेब चुकीच्या मापाने होतो. वाहन कुठे थांबते आणि उतरल्यावर पुढचे वाहन मिळते का, हे खरे माप आहे. या मापाने पाहिले तर पेडणे आणि डिचोली या तालुक्यांकडे नदी आहे, बोटी आहेत, रूळ आहेत, आता विमानतळही आहे. त्यांना एकमेकांशी जोडणारे वेळापत्रक तेवढे नाही.

हे तालुके गोव्याच्या इतिहासात उशिरा आले. डिचोली आणि सत्तरी १७८१ च्या सुमारास, तर पेडणे १७८८ मध्ये सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगिजांच्या ताब्यात गेले. जुन्या काबिजादीतल्या तिसवाडी, बार्देश, सासष्टीला जे मिळाले ते नव्या काबिजादीला नेहमी उशिरा मिळत गेले. रेल्वे हे त्याचे ठळक उदाहरण. मुरगाव बंदरापासून कुळेमार्गे घाटावर जाणारी वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे १८८० च्या दशकात सुरू झाली. तिचा सारा मार्ग दक्षिण गोव्यात. उत्तरेकडच्या तालुक्यांना रेल्वेसाठी त्यानंतर सुमारे एकशेदहा वर्षे थांबावे लागले. तोवर त्यांचा हमरस्ता म्हणजे नदी. तेरेखोल आणि छापोरा या नद्यांनी पेडण्याच्या सीमा आखल्या. मांडवी, वाळवंटी आणि डिचोलीची नदी यांनी डिचोली-साखळीचा माल पणजीपर्यंत वाहिला. तांदूळ, नारळ, सुपारी, मीठ, माणसे आणि देवसुद्धा या पाण्यावरून गेले. दिवाडीवरचा सप्तकोटेश्वर नदी ओलांडून डिचोली तालुक्यातल्या नार्व्याला आला आणि त्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करवला. आजही गोकुळाष्टमीला नार्व्याच्या पंचगंगेवर स्नानाला लोक जमतात. नदी ही इथे वाटेतली अडचण नव्हती, तीच वाट होती.

रस्ते आणि पूल आल्यावर लांब पल्ल्याची नदीवाहतूक संपली. उरली ती काठ ते काठ जाणारी फेरी. नदी परिवहन खात्याच्या बोटी आज गोव्यात डझनाहून अधिक मार्गांवर चालतात आणि त्यांपैकी बरेच मार्ग या दोन तालुक्यांशी बांधलेले आहेत. केरी–तेरेखोल हा एक. छापोरा नदीवर पेडण्याला बार्देशशी जोडणारा कामुर्ली–तुये हा दुसरा. नार्वे–दिवाडी, पिळगावच्या सारमानसहून सांत इस्तेव बेटावरच्या टोंकला जाणारी फेरी, सुर्ला आणि वळवई यांच्यामधली फेरी, या डिचोलीच्या. चोडण बेट कागदोपत्री तिसवाडीत असले तरी मयेच्या बाजूने ते रस्त्याने डिचोलीला जोडलेले आहे. त्यामुळे डिचोलीहून पणजीला कामावर जाणारा माणूस म्हापशाचा किंवा बाणस्तारीचा वळसा टाळून मये, चोडण, रायबंदर अशी वाट धरतो. म्हणजे चोडण–रायबंदर फेरी ही फक्त एका बेटाची सोय नाही. ती एका तालुक्याची राजधानीकडे जाणारी जवळची वाट आहे. पुढे-मागे रॅम्प असलेली सपाट बोट, मधोमध मोटारी, कडेने दुचाक्या, कठड्याला टेकून माणसे, आणि पायी चालणाऱ्याला तिकीट नाही: ही व्यवस्था साधी आहे आणि तिच्यातली समता सहज लक्षात येत नाही इतकी मुरलेली आहे. बागायतदार आणि त्याच्या कुळागरात कामाला येणारी बाई एकाच बोटीतून, एकाच वेळी पलीकडे जातात.

या नद्यांची क्षमता एवढीच आहे असे मात्र कुणी समजू नये. डिचोली तालुक्यातल्या खाणींचे लोहखनिज अनेक दशके याच पाण्यावरून मुरगावला गेले. शिरगाव, मुळगाव, डिचोली, साखळी, पाळी-वेळगे या पट्ट्यातून ट्रकांनी माल आमोणे, सारमानस, नावेली, सुर्ला येथील धक्क्यांवर यायचा आणि तिथून बार्जेस तो मांडवीच्या मुखाकडे न्यायच्या. पावसाळ्यात आग्वादजवळच्या वाळूच्या दांड्यामुळे मांडवीचे मुख बंद झाले की बार्जेस कुंभारजुवे कालव्यातून झुआरीत उतरायच्या. २०१०-११ मध्ये गोव्यातून पाच कोटी टनांवर खनिज निर्यात झाले, त्याचा मोठा भाग नदीने वाहिला. पुढे सप्टेंबर २०१२ मध्ये राज्याने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली आणि ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ लीज रद्द झाल्या. त्या काळात बार्जेस काठाला लागून राहिल्या. नदी रिकामी होती, धक्के रिकामे होते, खलाशी बिनकामाचे होते; तरीही आमोण्याहून पणजीपर्यंत एक प्रवासी बोट चालवून पाहावी असे कोणत्याही सरकारला वाटले नाही. कोट्यवधी टन माती जी नदी वाहू शकते, ती रोज काही शे माणसे वाहू शकणार नाही, असे म्हणणे पटणारे नाही. प्रश्न पाण्याच्या खोलीचा नसून प्राधान्याचा आहे.

आता रुळांकडे वळू. मधु दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस यांच्या पाठपुराव्याने जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले आणि ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली रोहा ते मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग बांधला गेला. २६ जानेवारी १९९८ रोजी तो सलग वाहतुकीस खुला झाला. या मार्गाने सगळ्यांत जास्त दमवले ते पेडण्यात. मडुरे आणि पेडणे या स्थानकांमधला सुमारे दीड किलोमीटरचा बोगदा मऊ, पाणी धरणाऱ्या मातीतून खणायचा होता. खणलेली माती पुन्हा पुन्हा ढासळत होती आणि एवढ्याशा लांबीला सहा वर्षे लागली. अख्खा मार्ग जोडला जायला जो उशीर झाला त्याचे एक मोठे कारण हा बोगदाच. तो डोंगर अजूनही शांत झालेला नाही. ऑगस्ट २०२० मध्ये बोगद्याच्या भिंतीचा भाग कोसळला आणि गाड्या मिरज-लोंढ्यामार्गे वळवाव्या लागल्या. जुलै २०२४ मध्ये बोगद्याच्या तळातून पाणी आणि गाळ वर आला आणि वाहतूक पुन्हा खोळंबली. त्याच पावसाळ्यात मालपे येथे रुंद केलेल्या महामार्गाच्या वळणरस्त्याची संरक्षक भिंतही ढासळली. एकाच डोंगरात, एकाच पावसात, रेल्वे आणि रस्ता दोन्ही अडले. पेडण्याची दळणवळणाची भिस्त एकाच साधनावर ठेवणे किती धोक्याचे आहे, हे सांगायला आणखी पुरावा नको.

एवढ्या कष्टाने रूळ पेडण्यात आले, पण गाड्या पेडण्यासाठी किती आल्या? मालपे येथील पेडणे स्थानकावर मांडवी एक्स्प्रेससारख्या जुन्या गाड्या आणि सावंतवाडी, रत्नागिरीकडून मडगावला जाणाऱ्या सावकाश गाड्या थांबतात. मात्र गेल्या काही वर्षांत जी नवी, गाजावाजा झालेली गाडी आली तिचा थांबा पेडण्याला नाही. मे २०१७ मध्ये सुरू झालेल्या तेजसने पेडणे वगळले. २७ जून २०२३ पासून धावणाऱ्या मुंबई–मडगाव वंदे भारतला मडगावाआधी गोव्यात एकच थांबा मिळाला, तो थिवीचा. लांब पल्ल्याची वेगवान गाडी प्रत्येक गावी थांबवा असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. पण वेगवान गाडी आली की सावकाश गाडीची किंमत कमी होते, हा अनुभव देशभरचा आहे. कोविडनंतर रेल्वेने पॅसेंजर गाड्यांना एक्स्प्रेसचा दर्जा दिला आणि किमान भाडे १० रुपयांवरून ३० रुपये झाले. गाडी तीच, वेग जवळपास तोच, भाडे तिप्पट. ते पूर्ववत व्हायला फेब्रुवारी २०२४ उजाडले. मधल्या काळात एका स्थानकावरून पुढच्या स्थानकावर जाणारा विद्यार्थी किंवा भाजीवाली रुळांवरून उतरली असेल, तर ती पुन्हा आपोआप परतत नाही. सवय मोडायला एक वर्ष पुरते, बसायला दहा लागतात.

आणि जिथे नदी आणि रूळ एकमेकांच्या अगदी जवळ येतात, तिथेही त्यांची ओळख नाही. करमळी स्थानक जुने गोव्याच्या फेरी धक्क्यापासून दोन-तीन किलोमीटरवर आहे. गाडीतून उतरलेल्या दिवाडीकराला धक्क्यापर्यंत नेणारी, गाडीच्या वेळेला बांधलेली बस असायला हवी; ती नाही. थिवी स्थानक डिचोली शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर, डिचोलीकरांचे तेच नित्याचे स्थानक. पण गाडी आली की बस उभी, अशी शिस्त तिथेही नाही. मालपेचे स्थानक मोपाच्या विमानतळाला सर्वांत जवळचे. डिसेंबर २०२२ मध्ये त्या विमानतळाचे उद्घाटन झाले, जानेवारी २०२३ मध्ये विमाने उतरू लागली आणि महामार्गापासून विमानतळापर्यंत खास जोडरस्ताही बांधून झाला. रूळ आधीपासून शेजारी होते. त्यांच्या वाट्याला काही आले नाही. २०११ च्या जनगणनेनुसार पेडणे तालुक्याची लोकसंख्या सुमारे ७६ हजार आणि डिचोलीची सुमारे ९८ हजार. पावणेदोन लाख माणसांच्या रोजच्या जाण्यायेण्याची गाठ बांधायला नवा पूल लागत नाही; तीन खात्यांच्या अधिकाऱ्यांनी एका टेबलाशी बसून वेळा जुळवाव्या लागतात. नदी परिवहन खाते, बस चालवणारे कदंब महामंडळ आणि कोकण रेल्वे यांचे असे टेबल आजवर नियमितपणे मांडले गेल्याचे दिसत नाही.

इथे चीनचा दाखला उपयोगी पडतो, कारण वेगाचे वेड म्हटले की आपण त्याच देशाचे नाव घेतो. २०२४ अखेर चीनमध्ये सुमारे ४८ हजार किलोमीटर अतिवेगवान रेल्वेमार्ग होते. जगात इतरत्र एवढे कुठेच नाहीत. पण त्याच देशाच्या रेल्वेने डोंगराळ आणि गरीब भागांत ८१ जोड्या सावकाश गाड्या लोकसेवा म्हणून चालू ठेवल्या आहेत. सिचुआन प्रांतातल्या लियांगशान या यी जमातीच्या डोंगरी मुलखात फूशिओंग ते फान्जिहुआ अशी एक गाडी धावते. साडेतीनशे किलोमीटरला ती जवळपास अख्खा दिवस घेते, पंचवीसहून अधिक ठिकाणी थांबते, आणि तिचे भाडे कमीत कमी दोन युआन व पूर्ण प्रवासाला सव्वीस युआनच्या आसपास, हे दर वर्षानुवर्षे तसेच ठेवलेले आहेत. शेतकरी भाजीचे भारे, कोंबड्या, डुकरे घेऊन चढतात. जनावरांसाठी डब्यातली बाके काढून जागा केलेली आहे. शाळकरी मुले आठवड्याच्या शेवटी तिने घरी जातात. छंगदू–कुनमिंग हा तिचा मार्ग १९७० चा. २६ डिसेंबर २०२२ रोजी त्याला समांतर नवा, वेगवान मार्ग पूर्ण खुला झाला, तेव्हा जुना मार्ग आणि ही गाडी मोडीत काढणे सोपे होते. दोन्ही ठेवले गेले. लांबच्या प्रवाशाला नवा मार्ग, वाटेवरच्या गावाला जुना, अशी वाटणी झाली.

नदीच्या बाबतीत चीनचा अनुभव अधिक गुंतागुंतीचा आहे आणि म्हणूनच अधिक शिकवणारा. यांगत्सेवर छोंगछिंगपासून शांघायपर्यंत जाणाऱ्या प्रवासी बोटी एकेकाळी कोट्यवधी लोकांचे साधन होत्या. महामार्ग आणि रेल्वे आल्यावर त्या बंद पडल्या. आता त्या लांब पाण्यावर मुख्यतः पर्यटकांच्या आलिशान बोटी दिसतात. म्हणजे लांब पल्ल्यात बोट हरली, हे मान्य केले पाहिजे. पण वुहान शहरात उलटे घडले. यांगत्सेवरचा पहिला मोठा पूल तिथे ऑक्टोबर १९५७ मध्ये झाला. त्यानंतर दहाहून अधिक पूल झाले, डिसेंबर २०१२ मध्ये नदीखालून मेट्रोही गेली. तरीही काठ ते काठ जाणारी स्वस्त फेरी तिथे चालूच आहे. कमी अंतर, ठरलेली वेळ, कमी भाडे आणि दोन्ही टोकांना पुढचे वाहन, एवढ्या गोष्टी असल्या की पुलांच्या गर्दीतही बोट टिकते. आपल्याकडे याचा पुरावा पणजी–बेती फेरी देते. मांडवीवर शेजारी शेजारी तीन पूल उभे आहेत, तिसरा अटल सेतू जानेवारी २०१९ मधला. तरी त्या फेरीला प्रवासी आहेत.

यावर पहिला आक्षेप येईल तो पुलाचा. बेटावर रात्री कुणाला छातीत दुखू लागले, बाळंतपणाची वेळ आली, तर फेरीचे गोडवे गाणारा लेखक काय उत्तर देणार? हा आक्षेप खरा आहे आणि त्याला वळसा घालता येणार नाही. जिथे रात्रीबेरात्री दवाखाना गाठायचा दुसरा मार्गच नाही तिथे पूल हवा. चीननेही नैऋत्येच्या डोंगरात दोरावरून नदी ओलांडणाऱ्या गावांना पूल बांधून दिले, ते योग्यच केले. पण पूल हा फेरीचा वारस ठरवला की दोन गोष्टी घडतात. एक, केरी–तेरेखोलसारख्या ठिकाणी पुलाचा विषय गोल्फ आणि हॉटेलच्या प्रकल्पाशी, किनारी नियमांच्या वादाशी जोडला जातो, काम सुरू होऊन थांबते आणि गावाला ना पूल मिळतो ना सुधारलेली फेरी. दोन, पूल हे एकुलते साधन बनते. ५ जुलै १९८६ रोजी पणजीचा नेहरू पूल कोसळला तेव्हा उत्तर गोवा आणि राजधानी यांना पुन्हा जोडले ते फेरीबोटींनी. नवा पूल होईपर्यंत अनेक वर्षे हे ओझे नदीनेच वाहिले. फेरी चालवणारे खाते, खलाशी आणि धक्के त्या दिवशी अस्तित्वात नसते, तर काय झाले असते याचा विचार करावा. पूल आणि फेरी यांतली निवड खोटी आहे. पूल आणीबाणीचा, फेरी रोजची, अशी जोडी शक्य आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा. पायी प्रवाशाला फुकट नेणारी बोट सरकारला परवडते कशी? २०२३ च्या अखेरीस दुचाकींनाही शुल्क लावण्याचा प्रयत्न झाला, बेटांवरून विरोध झाला आणि तो मागे घ्यावा लागला. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे सोपे होते: मुख्य भूमीवरच्या माणसाला घरासमोरच्या रस्त्यावर चालायला पैसे पडत नाहीत, मग बेटावरच्याला का? फेरी हा त्याचा रस्ता आहे. रस्त्याचे डांबर, पुलाची डागडुजी, उड्डाणपुलाचे कर्ज यांना आपण तोटा म्हणत नाही. बोटीच्या डिझेलला मात्र तोटा म्हणतो. हिशेबाची ही दोन मापे एकाच राज्यात, एकाच तिजोरीसाठी वापरली जातात. जिथे वाहन घेऊन येणाऱ्याकडून, विशेषतः बाहेरच्या पर्यटकाकडून, वाजवी आकार घेता येईल तिथे जरूर घ्यावा. आणि खर्च कमी करण्याचे मार्गही आहेत. केरळने जानेवारी २०१७ मध्ये वैकम ते तवणक्कडवू मार्गावर ‘आदित्य’ ही ७५ आसनांची सौरऊर्जेवर चालणारी बोट आणली. एप्रिल २०२३ मध्ये कोचीची वॉटर मेट्रो सुरू झाली. १० बेटांना जोडण्याची तिची योजना आहे, बोटी विजेवर चालणाऱ्या आणि तिकीट परवडणारे. आपल्या चोडण–रायबंदर मार्गावर जुलै २०२५ मध्ये मोठ्या रो-रो बोटी आल्या, हे चांगले पाऊल आहे. पण त्यांची आखणी मोटारींची रांग कमी करण्यासाठी झाली. पायी उतरणाऱ्याला रायबंदरच्या धक्क्यावर बस उभी असेल की नाही, हा प्रश्न तसाच राहिला.

तिसरा आक्षेप रेल्वेचा. कोकण रेल्वे बहुतांश एकेरी मार्ग आहे. रोहा ते वीर हा ४६ किलोमीटरचा तुकडा ऑगस्ट २०२१ मध्ये दुहेरी झाला, बाकीचा तसाच. एक गाडी थांबली की तिच्या मागच्या चार अडतात, असे अधिकारी सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. पण याच एकेरी मार्गावर जानेवारी १९९९ पासून कोलाड ते वेर्णे अशी मालट्रक वाहणारी रो-रो गाडी चालते. २०२५ च्या गणेशोत्सवात खासगी मोटारींसाठीही तशीच गाडी सोडण्यात आली. ट्रकसाठी आणि मोटारींसाठी जागा काढता येते, तर सकाळी सावंतवाडीहून आणि संध्याकाळी मडगावहून सुटणाऱ्या, सर्व स्थानकांवर थांबणाऱ्या गाड्यांचे वेळापत्रक नोकरदाराच्या आणि विद्यार्थ्याच्या घड्याळाला लावता येणे अशक्य नाही. मये परिसरात साधा प्रवासी थांबा द्यायचा झाला तर वळण, चढ आणि जमीन यांचा अभ्यास लागेल, गावाची संमती लागेल. अभ्यास करून नकार आला तर तो मान्य करता येईल. अभ्यासच न करणे मान्य करण्यासारखे नाही. कोकण रेल्वेच्या भांडवलात गोव्याचाही वाटा आहे. भागधारक राज्याने आपल्या तालुक्यासाठी एक थांबा मागणे म्हणजे उपकार मागणे नव्हे. महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करण्याच्या हालचाली सुरू असताना तर ही मागणी आताच, लेखी आणि अटीच्या रूपात नोंदवली गेली पाहिजे. विलीनीकरणानंतर दिल्लीच्या नकाशावर पेडणे शोधायला भिंग लागेल.

चौथा आक्षेप व्यवहारी माणसाचा: गोव्यात घरोघरी दुचाकी आहे, नोंदलेल्या वाहनांची संख्या लोकसंख्येच्या पुढे गेली आहे, मग बोट आणि पॅसेंजर गाडी हवी कुणाला? या प्रश्नातच उत्तर आहे. साधने नसली की माणूस कर्ज काढून स्कूटर घेतो, आणि मग त्याच स्कूटरकडे बोट दाखवून साधनांची गरज नाही असे म्हटले जाते. शिवाय सरासरीत जी माणसे दिसत नाहीत तीच खरी प्रवासी आहेत: गाडी चालवण्याचे वय न झालेली मुले, वय उलटलेली म्हातारी माणसे, टोपली डोक्यावर घेणारी मासळीवाली, बांधकामावर आणि हॉटेलांत काम करणारे परप्रांतीय मजूर, आणि एकाच घरातल्या एकाच दुचाकीवर ज्यांचा नंबर शेवटी लागतो त्या बायका.

पाचवा आक्षेप गोव्यात सर्वांत तीव्र आहे आणि तो भीतीतून आलेला आहे. नदी आणि रूळ यांची नावे घेतली की गोमंतकीयाला कोळशाची मालवाहतूक आठवते. २०१६ च्या कायद्याने देशातले १११ जलमार्ग राष्ट्रीय ठरले, त्यांत मांडवी, झुआरी, कुंभारजुवे कालवा, छापोरा, म्हापसा नदी आणि साळ हे गोव्यातले सहा. नद्या केंद्राच्या आणि बंदरांच्या हवाली होणार या शंकेने गावोगावी विरोध झाला. दक्षिणेत मोलेच्या अभयारण्यातून रेल्वेचे दुपदरीकरण करण्याला लोकांनी विरोध केला आणि मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कामाची वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. १९९२-९३ मध्ये कोकण रेल्वेच्याच मार्गावरून, खाजन जमिनी आणि पूरमैदाने कापली जाणार म्हणून, मोठे आंदोलन झाले होते आणि केंद्राला न्यायमूर्ती ओझा यांचा आयोग नेमावा लागला होता. ही परंपरा जागरूकतेची आहे. तिला विकासविरोधी म्हणणे अन्यायाचे होईल. पण मालवाहतुकीच्या भीतीपोटी प्रवासी वाहतुकीची मागणीच सोडून देणे हे आपले नुकसान आहे. खोल चर खणायला लागतो तो हजारो टनांच्या बार्जला. पन्नास-शंभर माणसांच्या उथळ बोटीला आजचे पाणी बहुतेक ठिकाणी पुरते. कायद्यात आणि आराखड्यात हा फरक स्पष्ट लिहून घ्यावा: या धक्क्यावर माणसे आणि शेतमाल, खनिज व कोळसा नाही. ज्या नदीवर रोज गावची माणसे प्रवास करतात त्या नदीचे काय होते आहे याकडे रोज शेकडो डोळे लागलेले असतात. रिकामी नदी बळकावणे सोपे असते.

चीनचा दाखला दिला म्हणून कुणी असेही म्हणेल की तो देश लोकांना विचारत नाही, आपली तुलना कशाला? बरोबर आहे. तीन घळींच्या धरणासाठी बारा लाखांहून अधिक माणसे उठवली गेली. तो मार्ग आपला नव्हे आणि होऊ नये. पण सावकाश गाडी चालू ठेवण्यासाठी हुकूमशाही लागत नाही. त्यासाठी एवढेच कबूल करावे लागते की सार्वजनिक वाहतूक हा धंदा नसून सोय आहे. आणि आपल्या हाती एक गोष्ट आहे: ग्रामसभा. तिने ठराव केला तर खात्याकडे उत्तर मागता येते.

मागण्या म्हणून मांडायचे झाले तर फार लांब यादी होत नाही. केरी, सारमानस, नार्वे आणि चोडण येथील फेऱ्यांच्या वेळा धक्क्यावर ठळक लावाव्यात आणि दोन्ही टोकांना कदंबची बस त्या वेळांना बांधावी. मालपे, थिवी आणि करमळी येथे सावकाश गाड्यांच्या वेळेला डिचोली, साखळी, पेडणे, केरी आणि जुने गोव्याच्या धक्क्याकडे बस असावी. सारमानस किंवा आमोण्याहून नार्वे, जुने गोवे, रायबंदर करत पणजीपर्यंत एक प्रवासी बोट निदान एका मोसमासाठी प्रयोग म्हणून चालवावी आणि तिचे आकडे लोकांसमोर ठेवावेत. मये परिसरातल्या थांब्याचा अभ्यास करून अहवाल जाहीर करावा. यातल्या कशालाही नवा महापूल, नवा बोगदा किंवा कुणाची शेती लागत नाही. पेडणे आणि डिचोलीच्या आमदारांनी हे विधानसभेत विचारायला हवेच. पण त्याआधी दोन्ही तालुक्यांतल्या प्रत्येक पंचायतीने येत्या ग्रामसभेत एक साधा ठराव करावा, की आमच्या गावात थांबणाऱ्या प्रत्येक बोटीची, बसची आणि गाडीची वेळ एकाच फलकावर लिहिली जाईल आणि ती एकमेकींशी जुळेल. हा लेख वाचणाऱ्या गोमंतकीयाने पुढच्या ग्रामसभेत तो ठराव मांडावा.